डावीकडचा उशीर

“डावं वळण घेताना ही गाडी जरा थांबते, मगच वळते,” रणधीर इंगवले कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. “पापणी लवायला लागतो त्याच्या निम्माही वेळ नसेल. पण घाटात तेवढ्यात माणूस कठड्याबाहेर जातो. अरुणिम मोटर्सला माझा नमस्कार. त्यांची ही ‘वारू’ मी माझ्या पोरीच्या हातात देणार नाही.”

कॅमेऱ्यामागे उभी असलेली त्याची पोर, ऋतुजा, तोंड दाबून हसली. परवाच गगनबावड्याहून येताना निम्मा रस्ता हीच वारू तिने चालवली होती.

बुधवारी व्हिडिओ लोकांपुढे आला आणि शनिवारपर्यंत वीस लाख लोकांनी पाहिला. ‘चौथा गिअर’ हे चॅनेल रणधीर कोल्हापुरातल्या उद्यमनगरातून, स्वतःच्या गॅरेजमधून चालवायचा. वय त्रेपन्न. बावीस वर्षं तो गाड्यांवर लिहीत आणि बोलत आला होता. विजेच्या गाड्या नव्याने आल्या तेव्हा त्याने त्यांना ‘चार चाकांचा मिक्सर’ म्हटलं होतं. पुढे त्यांच्यातलं चांगलं दिसलं तसं मोकळेपणाने कबूलही केलं. चढावर पहिल्या क्षणाला मिळणारा जोर त्याला आवडायचा, चौकात उभं राहिल्यावर छातीत न जाणारा धूर आवडायचा. त्याचा राग बॅटरीवर नव्हताच.

“बॅटरी बिचारी काय करते?” तो म्हणायचा. “पूर्वी कंपनी गाडीची किल्ली द्यायची आणि आपल्या घरी जायची. आता किल्ली देते आणि मागच्या सीटवर बसून राहते. सीट गरम करायची तर महिन्याचं भाडं, दिवा बदलायचा तर परवानगी. चालवायचं आपण, आणि बघत बसायचं त्यांनी.”

असा माणूस गाडीत खोट आहे म्हणाला की लोक ऐकायचे. आठवड्याभरात वारूची नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्यांनी ती रद्द केली.

सोमवारी दुपारी गॅरेजसमोर कंपनीची व्हॅन येऊन थांबली. आतून तिशी-पस्तिशीचा एक सडपातळ माणूस उतरला.

“सर, मी फिरोज शिकलगार. मूळचा मिरजेचा. चाकणला स्टीअरिंग विभागात आहे.” त्याने हात जोडले. “शाळेत असताना तुमचे लेख कापून वहीत चिकटवायचो. तुमच्यामुळेच या धंद्यात आलो म्हणा ना.”

“मग तरी असली गाडी केलीत?” रणधीर म्हणाला, पण खुर्ची पुढे सरकवली.

फिरोज हसला नाही. दोन तास तो वारूवर काम करत राहिला. त्याने सोबत आणलेला लोखंडी हात स्टीअरिंगला जोडला आणि त्याच्याकडून शेकडो वेळा चाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग स्वतः गाडी घेऊन कळंब्यापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“सर, या गाडीत दांडा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.”

रणधीरला ठाऊक होतं. जुन्या गाड्यांत स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडाचा दांडा असायचा. हाताने फिरवलं की तो फिरायचा आणि चाकं वळायची. वारूत स्टीअरिंगपाशी फक्त संवेदक होते. हात किती वळला, किती जोराने वळला हे ते सेकंदाला हजार वेळा मोजायचे, तारेवरून निरोप जायचा आणि चाकांपाशी बसवलेल्या मोटरी चाकं वळवायच्या.

“आता हात माणसाचा आहे म्हटल्यावर तो थोडा हलणारच,” फिरोज म्हणाला. “ती थरथर चाकांपर्यंत जाऊ नये म्हणून गाडी आधी चालकाचा हात ओळखायला शिकते. हलतो किती, पकड सैल कधी होते, वळण समोर आल्यापासून हात वळेपर्यंत किती वेळ जातो. प्रत्येकाचं वेगळं असतं. आम्ही त्याला हाताची सही म्हणतो.”

“म्हणजे तुम्ही आमच्या हातांच्या सह्या गोळा करता.” रणधीरचा आवाज चढला. “आणि लोकांना सांगत नाही!”

“कागदावर असतं. बारीक अक्षरात.” फिरोजने मान खाली घातली. “सर, गाडीत उशीर नाही. लोखंडी हाताला लागला नाही, मला लागला नाही. दारातल्या तुमच्या जुन्या जिप्सी जीपचं स्टीअरिंग चार बोटं ढिलं आहे, त्यात असलं काही लपून जातं. वारूत ढिलेपणाच नाही. त्यामुळे जो उशीर तुमच्या डाव्या हातात आहे, तो उघडा पडतो. आणि आपल्या मेंदूला वाटतं, गाडीच हळू आहे.”

रणधीरला कळायला जरा वेळ लागला. गॅरेजमधला पंखा फिरत होता. शेजारच्या कारखान्यात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

“स्टीअरिंग धरा, सर. फक्त स्थिर धरायचं. तीस सेकंद.”

रणधीरने धरलं. त्याला वाटलं, आपण पहाडासारखं धरलंय. फिरोजने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावरची निळी रेघ सपाट नव्हती. ती घट्ट होत होती, सैल होत होती, पुन्हा घट्ट होत होती. मूठ आवळावी, सोडावी, आवळावी तशी.

“पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याबरोबर कंपनीने दोन वर्षं अभ्यास केला,” फिरोज हळू आवाजात म्हणाला. “कुठली सही कुठल्या आजाराची, ते आता बरंचसं कळतं. डॉक्टरांना कळायच्या कितीतरी वर्षं आधी. पण कंपनी कुणाला सांगत नाही. गाडी आजार ओळखते म्हटल्यावर कोण घेईल ती? मी सांगायला नको होतं. पण तुम्ही आहात म्हणून...”

“कुठला आजार?”

“डॉक्टरांना विचारा, सर. मी स्टीअरिंगवाला माणूस.”

रणधीरने पडद्याकडे पाहिलं. निळ्या रेघेखाली एक नारिंगी रेघ होती. तिचे चढउतार लहान होते, पण चाल तीच. घट्ट, सैल, घट्ट.

“ही माझी आधीची ना? आठवड्यापूर्वीची?”

फिरोजने लॅपटॉप मिटला.

“फिरोज, ती कुणाची आहे?”

“सर, गाडीत दोन चालकांच्या सह्या आहेत,” फिरोज म्हणाला, आणि तारा गुंडाळायला लागला.

*

मेंदूविकारांच्या डॉक्टर निंबाळकरांनी त्याच संध्याकाळी रक्त घेतलं. चार दिवसांनी रणधीरला समोर बसवून एका कागदावर तीन अक्षरं लिहिली, त्यांच्यापुढे पुन्हा तीच, पुन्हा तीच.

“आपल्या एका जनुकात हा तीन अक्षरी शब्द ओळीने लिहिलेला असतो. निरोगी माणसात वीस-पंचवीस वेळा. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा असला की आज ना उद्या मेंदूतला हालचालींचा ताबा सुटायला लागतो. हंटिंग्टनचा आजार म्हणतात याला. तुमचा आकडा एक्केचाळीस आहे, म्हणजे काठावरचा. म्हणून तुम्हाला इतक्या उशिरा सुरुवात होतेय. घरात कुणाला होता?”

रणधीरचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. पन्नाशीत त्यांचे हात नाचायला लागले, चालताना झोक जायला लागला. पिऊन गाडी चालवतो म्हणून त्यांना घरी बसवलं. थेंबालाही न शिवलेला माणूस शेवटची सहा वर्षं मागच्या खोलीत पडून होता, आणि गल्लीतली माणसं खिडकीवरून जाताना दारूवरून बोलायची. कॉलेजात असलेल्या रणधीरलाही ते खरं वाटलं होतं. एकदा त्याने वडिलांचं तोंड हुंगून पाहिलं होतं.

“आणि मुलांना?” त्याने विचारलं.

“निम्मी शक्यता,” डॉक्टर म्हणाले. “पण बापाकडून येताना हा आकडा कधीकधी वाढतो. वाढला तर मुलांना आजार बापापेक्षा लवकर गाठतो. त्यांना सांगायचं का, कधी सांगायचं, हे आधी आमच्या समुपदेशकांशी बोलून ठरवू. घाई नको.”

पण घाई होती. त्याच संध्याकाळी ऋतुजा आणि कॉलेजात शिकवणारा जावई संग्राम पेढे घेऊन आले. तिला अकरावा आठवडा होता. रणधीरची बायको वैजयंती हसतही होती आणि रडतही होती.

“पप्पा, तोंड उघडा की,” ऋतुजा पेढा पुढे करून म्हणाली. “आजोबा झालात!”

त्याने तोंड उघडलं. पेढा धरलेल्या तिच्या बोटांकडे तो बघत होता. स्थिर होती. अगदी स्थिर होती. की होती?

जेवताना तो उजवा हात ताटात आणि डावा मांडीखाली ठेवून बसला. वैजयंतीच्या ते लक्षात आलं.

“अहो, हाताला काय झालं?”

“पाना लागला.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातला माणूस होता. हॉटेलात खोली मिळेल असं सांगावं तशा गोड आवाजात तो म्हणाला, “इंगवलेसाहेब, चाचणीची गाडी नेताना आपण ज्यावर सही केली, त्यात नोंदी जाहीर करण्याची परवानगी आहे. आम्हाला खरंच तसं करायचं नाही. पण आपण व्हिडिओ मागे घेतला नाहीत, तर गाडी निर्दोष आहे हे सोमवारी आम्हाला दाखवावं लागेल. दोन्ही चालकांच्या नोंदींसकट.”

फोन ठेवल्यावर रणधीर जिप्सीत जाऊन बसला. टीव्हीवर ती नारिंगी रेघ येईल. खाली नाव येईल. संग्रामच्या कॉलेजात, ऋतुजाच्या सासरी, दवाखान्याच्या रांगेत लोक तिच्या हातांकडे बघतील. आणि तिला हे कुणीतरी तिसराच माणूस सांगेल.

त्याच शनिवारी त्याने व्हिडिओ काढून टाकला. “टायरमध्ये हवा कमी होती. चूक माझी. वारू निर्दोष आहे,” एवढंच कॅमेऱ्यासमोर बोलला. बावीस वर्षांत त्याने कधी शब्द मागे घेतला नव्हता. खाली लोकांनी लिहिलं, ‘भावा, तूसुद्धा विकला गेलास?’ ते वाचून त्याला बरं वाटलं. लोकांना एवढंच वाटत असेल, तर पोर वाचली.

*

रविवारी सकाळी ऋतुजा आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

“पप्पा, हवा बरोबर होती. मी स्वतः मोजली होती. कुणी दम दिला तुम्हाला?”

“ऋतू, सोड तो विषय.”

“का सोडू? खोटं तुम्ही बोलताय आणि शिव्या आपण खातोय.” ती समोर येऊन उभी राहिली. “मलाही जाणवला होता तो उशीर. गगनबावड्याहून येताना. डावीकडेच. तुम्ही बोलायच्या आधी जाणवला होता, पण म्हटलं तुमचं मत आधी ऐकावं. दोघांचे दोन हात एकदमच चुकतील कसे?”

रणधीरने डावा हात पाठीमागे घेतला.

“मैत्रिणीची वारू आणलीय खाली,” ती म्हणाली. “स्टीअरिंगवर एक कॅमेरा, चाकावर एक. दोन्ही सेकंदाला हजार चित्रं घेतात. पन्हाळ्याच्या रस्त्यावर दहा वळणं घेते आणि टाकते व्हिडिओ माझ्या नावाने. तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?”

तो गेला. तिला एकटीला सोडणं शक्यच नव्हतं.

वाघबीळ मागे पडल्यावर चढ सुरू झाला. ऊन स्वच्छ होतं. ऋतुजा लहानपणी त्याच्या मांडीवर बसून शिकली तशी चालवत होती, पाठ सरळ, नजर वळणाच्या पलीकडे. रणधीर तिच्या मनगटांकडे बघत होता. उजव्या हाताला दरी होती. पहिलं डावं वळण आलं. तिचे हात वळले आणि गाडी त्याच क्षणी वळली.

“बघा!” ती म्हणाली. “आत्ता! जाणवलं?”

शेजारी नुसतं बसून रणधीरला उशीर जाणवला नव्हता. गाडी चोख होती.

दुसरं डावं वळण. या वेळी दरीचा कठडा जरा जास्त जवळ आला. तिने चाक सावरलं.

“आता तर किती स्पष्ट आहे. पप्पा, ही गाडी माणसं मारणार आहे.”

“ऋतू, गाडी बाजूला घे.”

“अजून आठ वळणं—”

“बाजूला घे म्हणतोय ना!”

तो कधी तिच्यावर ओरडला नव्हता. तिने गाडी एका झाडाखाली थांबवली. मग त्याने सांगितलं. फिरोजचं, निळ्या रेघेचं, तीन अक्षरांच्या शब्दाचं. आपल्या वडिलांचं सांगितलं. नारिंगी रेघेपाशी आल्यावर त्याला शब्द मिळेनात. पण तोवर तिला कळलं होतं. तिने स्टीअरिंगवरचे हात काढले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे मांडीवर ठेवून बघत राहिली.

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“रेघ पाहिली सोमवारी. डॉक्टरांकडचं शुक्रवारी कळलं.”

“पेढे आणले तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही खाल्लात.” तिचा आवाज फाटला. “कंपनीला माहीत, त्या इंजिनिअरला माहीत, फोन करणाऱ्याला माहीत, तुम्हाला माहीत. माझ्या अंगातलं मी सोडून सगळ्यांना माहीत!”

“तुला सुखात ठेवायचं होतं गं. थोडे दिवस तरी.”

“तुमच्या वडिलांना कुणी विचारलं नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत.” तिने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

“मी चालवतो,” रणधीर म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आपणही चालवू शकत नाही.

“तुमचा एक्केचाळीस आहे, पप्पा. माझा अजून कुणी मोजलेला नाही.” तिने दात आवळले. “मी हळू नेते.”

गाडी उताराला लागली. प्रत्येक वळणाला रणधीरचा पाय नसलेल्या ब्रेकवर जात होता. आयुष्यभर त्याला वेगाची भीती वाटली नव्हती. आज गाडी तीसच्या वर गेली नाही आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

*

सोमवारचा व्हिडिओ दोघांनी मिळून केला. वैजयंतीला आणि संग्रामला आदल्या संध्याकाळी सगळं सांगून झालं होतं. सांगायला ऋतुजाच बसली होती. रणधीर कॅमेऱ्यासमोर म्हणाला, “गाडीत खोट नाही. माझ्यात आहे. आणि ती खोट माझ्याआधी, माझ्या डॉक्टरांआधी कंपनीला कळली होती. तुमच्यातल्या कुणाकुणाची कळली आहे, ते त्यांना विचारा.” ऋतुजाने स्वतःबद्दल एकच वाक्य उच्चारलं, तेही तिने स्वतः लिहिलेलं. “माझीही सही त्यांच्याकडे आहे, आणि तिचं काय करायचं ते मी ठरवणार आहे.”

त्यानंतर गॅरेजचा फोन थांबेना. साताऱ्याहून एका बाईने विचारलं, नवरा स्टीअरिंग फार घट्ट धरतो, ते कशाचं लक्षण असेल? विम्याच्या लोकांनी हातांच्या नोंदी मागायला सुरुवात केली. शहरात माणसं सिग्नलला थांबल्यावर हात मांडीवर घेऊन बसायला लागली. काहींनी स्टीअरिंगवर जाड कापड गुंडाळलं, त्याचा उपयोग होत नाही हे कळूनही. फिरोजची नोकरी गेली. तो मिरजेत भावाच्या दुकानात बसायला लागला आणि फोनवर एवढंच म्हणाला, “सर, मी आता सायकल घेतलीय.”

प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने महिन्याभरातच अंतरिम आदेश दिला, कुठल्याही कंपनीला ही माहिती चालकापासून लपवता येणार नाही.

ऋतुजाने समुपदेशकांकडे तीन फेऱ्या घातल्या आणि मग रक्त दिलं. निकालाच्या दिवशी आत ती आणि संग्राम दोघंच गेले. रणधीर आणि वैजयंती बाहेरच्या बाकावर बसले. वैजयंतीने नवऱ्याचा डावा हात दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला होता. तो आतल्या आत हलत होता आणि तिने तो हलू दिला.

दार उघडलं. ऋतुजा येऊन बापासमोर उभी राहिली.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

ती खाली वाकली. बराच वेळ तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

“बाळाचीही तपासणी होऊ शकते म्हणाल्या समुपदेशक मॅडम,” संग्राम दबक्या आवाजात म्हणाला. “अजून वेळ आहे.”

“नाही करायची,” ऋतुजा म्हणाली. “आत सांगून आले. मोठं झाल्यावर त्याला विचारू. हवं तर कळेल त्याला, नको तर नाही. कुणीतरी एकदा विचारायला पाहिजे की नाही?”

वैजयंतीने ऋतुजाच्या हातातली फाइल आपल्याकडे घेतली.

चौघं खाली आले. गाडी संग्रामची होती, दुसऱ्याच एका कंपनीची, साधी, कॉलेजला जायची. आता घरात चालवणारा तो एकटाच उरला होता. ऋतुजा त्याच्या शेजारी बसली. संग्रामने पट्टा लावला, बटण दाबलं. गाडी सुरू झाली नाही. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. रात्रीतून गाडीत काहीतरी नवं भरलं गेलं होतं.

‘न्यायालयाच्या आदेशानुसार कळवत आहोत. तुमच्या हातांविषयी आमच्याकडे माहिती आहे. पाहायची आहे का?’

खाली दोन चौकोन होते. ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’.

संग्रामचं बोट पडद्यासमोर हवेत थांबलं. त्याने पडदा वर सरकवून पाहिला, खाली सरकवून पाहिला.

“‘नाही’ कुठे आहे?” त्याने विचारलं.

मागच्या सीटवरून रणधीर त्या बोटाकडे बघत होता. काही वर्षांपूर्वी आला असता तर या पोराला त्याने क्लच कसा सोडायचा ते शिकवलं असतं. आता त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

“नाहीच ठेवलेलं,” ऋतुजा म्हणाली.

संग्रामने दुसरा चौकोन दाबला.

‘ठीक आहे. पुढच्या वेळी विचारू,’ असं पडद्यावर आलं, आणि गाडी आवाज न करता सुरू झाली. फाटकातून बाहेर पडून त्याने ती रस्त्यावर घेतली. पहिलंच वळण डावीकडे होतं. चौघंही त्याच्या हातांकडे बघत होते, तो स्वतःसुद्धा.